मदत हवी आहे: मोठ्यांचे डाव बघतो, पण आपल्या पटावर काहीच उतरत नाही

उद्यमबाग सेकंड शिफ्ट:

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये लेथवर असतो. वय ४३. सेकंड शिफ्ट सुटली की घरी यायचं, जेवायचं आणि तासभर मोबाईलवर बुद्धिबळ, हा नेम. लिचेस ॲपवर रॅपिडला (जरा वेगवान डाव) १४५० रेटिंगच्या आसपास दीड वर्ष रुतून बसलोय. घाट चढताना लॉरी जशी फर्स्ट गिअरला नुसती गुरगुरते, तसं.

खेळ शिकलो आजोबांकडून, खानापूर तालुक्यातल्या गावी, देशी नियमांनी. प्यादं एका वेळी एकच घर सरकणार, राजाला शह बसायच्या आधी एकदाच घोड्याची उडी, आणि समोरच्याकडं नुसता राजा उरला की बुर्जी, म्हणजे डाव तिथंच मिटला. किल्लेकोट (राजा-हत्तीची एकत्र चाल) हा शब्द मी पहिल्यांदा कॉलेजात ऐकला. त्यामुळं पाया कच्चा आहे हे आधीच कबूल.

कुणीतरी सांगितलं, धोरण शिकायचं तर मोठ्या खेळाडूंचे डाव बघ. म्हणून गेले चार महिने रोज एक डाव बघतो. बाण दाबत जायचं, बाजूला स्टॉकफिशचा (चाली तोलणारं इंजिन) आकडा वरखाली होतो, डाव संपतो. वाटतं, समजलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर नावाशिवाय काही आठवत नाही.

परवा तर शोभाच झाली. जगज्जेता राहिलेल्या कार्पोव्हचा उन्झिकरविरुद्धचा डाव बघितला होता, १९७४, नीसचं ऑलिंपियाड. त्यात २४ व्या चालीला कार्पोव्ह उंट ए७ ला (ए ही उभी पट्टी, ७ ही आडवी रांग) नेऊन ठेवतो, थेट शत्रूच्या हत्तीच्या नाकासमोर. मी खुळाच झालो. रविवारी आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या कट्ट्यावर मास्तरांबरोबर बसलो (रिटायर कन्नड शाळामास्तर, वयानं सत्तरीचे, हत्तीला आने आणि घोड्याला कुदुरे म्हणतात, पण हरवतात मात्र शुद्ध मराठीत). ए पट्टी उघडी झाली, माझा हत्ती ए१ ला, उंट ई३ ला. मारला उंट ए७ ला. मास्तरांनी चष्मा वर केला, माझ्याकडं बघितलं, आणि बी७ चं प्यादं गुमान एक घर पुढं सरकवलं. उंट आत, दार बंद. पुढच्या चालीला घोडा सी६ ला आला आणि उंट गेला. वर म्हणतात, "काय खेळूलालास रे, उंट चरायला सोडलास काय?"

तर प्रश्न असा. मोठ्यांचा डाव नेमका बघायचा कसा? कुठं थांबायचं, काय विचारायचं स्वतःला? कोणापासून सुरुवात करू? क्लास लावायला पैसा आणि वेळ दोन्ही नाही. इंग्रजी वाचता येतं, पण दमानं.

---

अडीच घरं:

दादा, तुमच्या उंटाचा हिशेब आधी करू, कारण उत्तर त्यातच आहे.

कार्पोव्हच्या डावात काळ्याचं बी प्यादं कुठं होतं? बी५ ला. ते सहाव्या चालीलाच पुढं गेलेलं. म्हणजे मागून बी६ करून उंट कोंडायची सोयच नव्हती. तुमच्या डावात ते बी७ ला घरीच बसलं होतं. चाल तीच, जागा वेगळी.

आता तो उंट तिथं गेला कशाला? ए पट्टी उघडी होती आणि दोघांचे हत्ती तिच्यावर समोरासमोर आले होते. हत्तींची मारामारी झाली असती, म्हणजे हत्तीला हत्ती मारून दोघे पटावरून गेले असते, तर काळ्याला श्वास मिळाला असता, कारण त्याचे मोहरे दाटीवाटीनं मागच्या रांगांत अडकले होते. दाटी असलेल्याला मारामारी हवी असते, जागा असलेल्याला नको असते. कार्पोव्हनं उंट मध्ये आडवा घालून मारामारीच थांबवली आणि त्याच्या आडोशाला दोन्ही हत्ती ए पट्टीवर मागंपुढं लावले. आता उंट कधीही बाजूला झाला तर पट्टी पांढऱ्याची. ही टांगती तलवार असल्यामुळं काळ्याचे हत्ती तिथून हलेनात. आणि मजा बघा, तो उंट शेवटपर्यंत ए७ वरच बसून राहिला. कार्पोव्हनं डाव फोडला पार दुसऱ्या बाजूला: एफ४, मग एफ५, मग वजीर एच५ वरून जी६ ला. ४४ व्या चालीला घोडा एच५ ला आला आणि उन्झिकरनं डाव सोडला.

तुम्ही उंट बघितला. त्याच्या मागचे दोन हत्ती आणि समोरचं बी५ चं प्यादं बघितलं नाही. राग मानू नका, आम्ही सगळ्यांनी असे उंट घालवलेत.

---

प्यादं पुढं:

बाण दाबणं बंद करा. मी असं करतो: खरा पट मांडतो, जिंकणाऱ्याची बाजू घेतो, चाली कागदानं झाकतो. सुरुवातीच्या दहा-बारा चाली भरभर मांडायच्या. तिथून प्रत्येक चालीला थांबून आपली चाल वहीत लिहायची, कारणासकट, एक ओळ पुरे. मग कागद खाली सरकवायचा. जुळली तर टिक. नाही जुळली तर पाच मिनिटं फक्त एवढंच शोधायचं की त्याला जे दिसलं ते मला का नाही दिसलं. इंजिन सगळं झाल्यावर, तेही फक्त तुमची चाल खरंच वाईट होती का एवढं विचारायला. इंजिन आकडा देतं, कारण देत नाही.

एका डावाला दोन तास लागतात. आठवड्याला एकच डाव करा.

आणि सुरुवात आजच्या खेळाडूंपासून नको. गुकेशचे डाव बघून छाती फुगते हे खरं, २०२४ ला अठराव्या वर्षी जगज्जेता झाला पोरगा. पण आज समोरचाही तेवढाच तयार असतो, प्रत्येक योजना अर्ध्यात मोडली जाते, आणि आपल्याला नुसती मोडतोड दिसते. कॅपाब्लांका, रुबिनस्टाइन या जुन्या दिग्गजांच्या काळी समोरच्याला पुष्कळदा योजना कळायचीच उशिरा. त्यामुळं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग बघायला मिळते. कॅपाब्लांका विरुद्ध टार्टाकोव्हर, न्यूयॉर्क १९२४, हत्तींचा शेवट (पटावर राजा, हत्ती आणि प्यादीच उरतात तो भाग). तिथून सुरू करा.

---

निपाणीचा हत्ती:

मी जरा उलटं बोलतो. १४५० ला डाव धोरणानं हरत नाहीत, फुकट मोहरं देऊन हरतात. उंट ए७ ला टाकण्याआधी "समोरचा आता काय करेल?" एवढं विचारलं असतं तर बी६ दिसलं असतं. रोज वीस मिनिटं कोडी सोडवा, फोर्क (एका मोहऱ्यानं दोघांवर हल्ला), पिन (मागच्यामुळं पुढचं मोहरं अडकणं) डोळ्याला सरावू दे. मोठ्यांचे डाव रविवारी.

आणि नुसतं मोबाईलवर नको. मिरजेची गाडी पकडून सांगलीला जा कधीतरी. भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभं केलेलं नूतन बुद्धिबळ मंडळ आहे तिथं. समोर माणूस बसला की चाल करताना हात जड होतो, तोच अर्धा अभ्यास.

---

अडीच घरं:

हत्तीसाहेब, कोडी हवीतच. पण कोड्यात कुणीतरी सांगितलेलं असतं की इथं काहीतरी आहे. डावात ते कुणी सांगत नाही.

---

उद्यमबाग सेकंड शिफ्ट:

मंडळी, उशिरा लिहितोय, शिफ्ट बदलली होती. रविवारी प्रयोग केला, तो सांगतो.

कॅपाब्लांका-टार्टाकोव्हर मांडला. एकट्यानं कंटाळा येईल म्हणून मास्तरांनाही बसवलं. चाली जॉब कार्डाच्या पाठकोऱ्या बाजूवर उतरवून घेतल्या होत्या, झाकायला कुंद्याच्या बॉक्सचं झाकण. विसाव्या चालीपासून शेवटच्या बावन्नाव्यापर्यंत ३३ चाली. माझ्या १४ जुळल्या. मास्तरांच्या १७, हे मला सांगायचं नव्हतं.

३५ वी चाल आली. पांढऱ्याचा हत्ती एच७ वर, आत घुसलेला, जी५ ला पुढं गेलेलं प्यादं. पण काळ्याचा हत्ती सी३ चं प्यादं खायला टपलेला. मी लिहिलं, प्यादं राखा. मास्तर म्हणाले, "आने हिंदे तगोळ्री", म्हणजे हत्ती मागं घ्या. दोघांचं एकमत, असं वर्षातून एकदा होतं. झाकण सरकवलं तर राजा जी३! सी३ फुकट, तेही शहासकट. मग राजा एच४, प्यादं जी६, एफ४ चं प्यादंही शहासकट गेलं, आणि राजा जी५ ला पोचला. वजीर पटावर नसला की राजा असा चालत निघतो, हे आजोबांच्या पटावर कधी बघितलं नव्हतं. तिथं राजा म्हणजे कोपऱ्यात बसवून ठेवायची वस्तू.

पण आम्ही खरे अडकलो ३९ व्या चालीला. एफ५ वर काळ्याचं प्यादं, राजाच्या शेजारी, राखण कुणाची नाही. दोन प्यादी घालवलीत, एक तरी खा की! आम्ही दोघांनीही लिहिलं, प्यादं मारा. कॅपाब्लांका त्याच्या बाजूनं जाऊन एफ६ ला बसला. पंधरा मिनिटं वाद घातला. चहा गार. मग मास्तरांनीच काळ्याचा हत्ती हातात घेऊन एफ पट्टीवर मागून शह द्यायला बघितलं, आणि मध्ये स्वतःचंच प्यादं आडवं आलं. मास्तर हसायलाच लागले. "अरे, वैऱ्याचं प्यादं ह्याच्यावर छत्री धरतंय." वर हत्ती एच८ ला आला की मात, म्हणून काळ्याला राजा हलवण्यावाचून गत्यंतर नाही. तीन चालींनी, काम झाल्यावर, तेच प्यादं कॅपाब्लांकानं निवांत मारलं.

हे मी चार महिन्यांपूर्वी बाण दाबत बघितलं असणार. शपथेवर सांगतो, छत्री दिसली नव्हती.

निपाणीकर, कोडीही सुरू केलीत, कंपनीच्या बसमध्ये. सांगलीचं दिवाळीनंतर बघतो.

आता पुढचा प्रश्न. येत्या रविवारी रुबिनस्टाइनचा एखादा सुचवा, हत्तींच्या शेवटाचाच. वजीर लवकर मारामारीत जाणारा असला तर बरं. मास्तर वजिराला कन्नडमध्ये मंत्री म्हणतात, आणि वजीर मेला की कट्टाभर ऐकू जाईल अशा आवाजात "मंत्री पडला!" ओरडतात. गेल्या खेपेला चार जण पेपर टाकून कुठला मंत्री म्हणून विचारायला आले होते.