हबमध्ये गंजून बसलेला ड्राइव्हशाफ्ट घरी कसा सोडवावा?

प्रश्न

नमस्कार. माझी गाडी वीस वर्षांहून अधिक जुनी आहे आणि तिच्या इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना जातो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेतली की पुढच्या डाव्या चाकातून ठरावीक लयीत कटकट ऐकू येते. बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा (चाक वळले तरी जोर पोहोचवणाऱ्या सांध्याचा) रबरी बूट फाटला होता आणि त्यातले ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे उडाले होते, त्यामुळे दोषाबद्दल शंका उरली नाही आणि मी संपूर्ण नवा ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जोर नेणारा दांडा) आणून ठेवला.

हबच्या (चाक ज्यावर बसते त्या भागाच्या) मधला मोठा नट, त्याची चेपलेली कड छिन्नीने उचलल्यावर आणि पान्याला लांब पाइप लावल्यावर सुटला. पुढे मात्र तीन दिवस झाले तरी शाफ्ट हबच्या दात्यांमधून तसूभरही सरकलेला नाही. पहिल्या दिवशी मी नट पूर्ण काढून शाफ्टच्या टोकावर मोठ्या हातोड्याने घाव घातले आणि त्यात शेवटचे दोन-तीन आटे चेपून टोक फुलले. नंतर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवले, दोन जबड्यांचा पुलर (स्क्रू आवळून अडकलेला भाग सोडवणारे अवजार) लावून पाहिला, परंतु तो दर वेळी एका बाजूला कलंडून निसटला. माझ्याकडे गॅसची बत्ती आहे. हब तापवणे योग्य ठरेल का, की आणखी काही मार्ग आहे? हे काम स्वतः पूर्ण करण्याची माझी मनापासून इच्छा आहे.

पहिले उत्तर

मोठा हातोडा आता पूर्णपणे बाजूला ठेवावा, ही पहिली विनंती. दाते गंजून हबला धरून बसलेले असताना टोकावर घातलेला प्रत्येक घाव शाफ्टमधून हबमध्ये आणि हबमधून चाकाच्या बेअरिंगमध्ये जातो; तिथे आतल्या गोळ्यांचे ठसे त्या ज्या कड्यांमध्ये फिरतात त्यांच्यावर उमटतात आणि शाफ्ट निघाला तरी बेअरिंग कायमचे खराब होते. पुलरचे तसे नाही. तो हबच्या तोंडाला धरून शाफ्टला आत ढकलतो, म्हणजे एकाला ओढण्याचा आणि दुसऱ्याला दाबण्याचा जोर त्या दोघांतच राहतो आणि बेअरिंगवर जवळजवळ काहीच येत नाही. ही एक गोष्ट ध्यानात आली की या कामातले निम्मे निर्णय आपोआप होतात.

दोन जबड्यांचा पुलर मात्र या जागी उपयोगाचा नाही. चाकाच्या बोल्टांवर नटांनी आवळून बसणारा, मधे जाड स्क्रू असलेला हब पुलर मिळवावा, कारण त्याला कलंडायला जागाच नसते. त्याआधी ब्रेकचा कॅलिपर आणि डिस्क काढून घ्यावी, आणि कॅलिपर त्याच्या रबरी नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने स्प्रिंगला बांधावा. फुललेले टोक तिकोनी कानशीने घासून मूळ जाडीला आणावे, नाहीतर ते पुढे हबमध्ये अडकेल. मग जुना नट पुन्हा चढवून शाफ्टच्या टोकाशी समतल ठेवावा, म्हणजे पुलरचा दाब आट्यांऐवजी पूर्ण पृष्ठभागावर पडेल.

यानंतर खरे काम धीराचे आहे. दात्यांच्या दोन्ही बाजूंनी तेल मारावे, पुलर चांगला ताणावा, स्क्रूच्या डोक्यावर हलका ठोका द्यावा, पाव फेरा आणखी आवळावा आणि तसाच ताण ठेवून निघून जावे. काही तासांनी परत येऊन तेल, ठोका आणि पाव फेरा, हाच क्रम चालू ठेवावा. ताणलेल्या पुलरच्या रेषेत तोंड नेऊ नये आणि चष्मा घालूनच काम करावे, कारण शाफ्ट सुटतो तेव्हा एकदम सुटतो.

दुसरे उत्तर

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. बत्तीबद्दल तेवढे सविस्तर लिहितो. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रोमीटर प्रसरण पावते, म्हणजे २५ मिलिमीटर व्यासाचे भोक १०० अंशांनी तापले तर ते जेमतेम ०.०३ मिलिमीटर मोठे होते. गंजाची पकड मोडायला तेवढेही कधी कधी पुरते, परंतु त्यासाठी हब तापला पाहिजे आणि शाफ्ट थंड राहिला पाहिजे. घरगुती बत्तीने नेमके उलट घडते: उष्णता सावकाश पसरते, शाफ्टही तितकाच फुगतो आणि फायदा नाहीसा होतो. दरम्यान बेअरिंगचे सील आणि आतले ग्रीस मात्र जळते, आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) असेल तर त्याचा सेन्सरही जातो. शिवाय तुम्ही तिथे तीन दिवस तेल मारलेले आहे, जे ज्योतीने पेट घेईल. म्हणून बत्ती वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पुलरनेही शाफ्ट हलला नाही तर आणखी एक सरळ मार्ग आहे. बॉल जॉइंट, स्टिअरिंगचा टाय रॉड आणि वरचा शॉक ॲब्सॉर्बर सोडवून हब, नकल (हब आणि बेअरिंग धरून ठेवणारा भाग) आणि शाफ्ट एकत्रच बाहेर काढावेत आणि हायड्रॉलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये नेऊन दाबून घ्यावेत. तेवढेच काम बाहेर करून घेतल्याने कष्टाला कमीपणा येत नाही.

तिसरे उत्तर

शाफ्ट हबमधून सुटल्यावर पुष्कळ जण उत्साहात तो बाहेरून ओढतात आणि तिथे नवी अडचण ओढवून घेतात. आतल्या टोकाचा जॉइंट बहुधा तीन रोलरांचा असतो आणि तो आत-बाहेर सरकण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे शाफ्ट धरून ओढला तर जॉइंट बूटमध्ये सुटा होतो आणि त्याची वाटी गिअरबॉक्समध्येच राहते. ती वाटी टोकावरच्या छोट्या सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या, एका बाजूला उघड्या तारेच्या कडीने) अडकलेली असते. वाटी आणि गिअरबॉक्सचे अंग यांच्यामध्ये पहार घालून एक छोटा, नेमका झटका द्यावा. न सुटल्यास शाफ्ट थोडा फिरवून पुन्हा द्यावा, कारण सर्क्लिपचे तोंड कोणत्या बाजूला आहे यावर बरेच अवलंबून असते. गिअरबॉक्सचे अंग ॲल्युमिनियमचे असते आणि सील अगदी जवळ असते, तेव्हा पहारीचे टोक भरीव कडेवरच टेकवावे. गिअरबॉक्सचे तेल आधीच काढून ठेवावे आणि सील याच वेळी बदलावे.

गाडी केवळ जॅकवर असेल तर खाली जाऊ नये. ती पक्क्या स्टँडवरच हवी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हब पुलर मिळवून काल दुपारपासून सांगितलेला क्रम चालू केला. संध्याकाळपर्यंत चार-पाच वेळा पाव फेरा दिला, काहीही घडले नाही, आणि शेवटी पुलर ताणलेलाच ठेवून मी आत गेलो. रात्री जेवताना बाहेरून बंदुकीसारखा आवाज आला. जाऊन पाहिले तर पुलरचा स्क्रू सैल झाला होता आणि नट हबच्या तोंडापासून चांगला बोटभर आत गेला होता. दात्यांवर कोरड्या तांबूस भुकटीचा थर होता, आणि मधल्या भागात तेल पोहोचलेच नव्हते हे त्यावरून स्पष्ट दिसले. आतले टोक पहारीच्या तिसऱ्या झटक्याला निघाले.

आता हबचे दाते तारेच्या ब्रशने स्वच्छ केले आहेत, परंतु हब हाताने फिरवला की बोटांना बारीक खरखर जाणवते. हे बेअरिंग चालेल का?

पहिले उत्तर देणारे

चालणार नाही. ती खरखर पहिल्या दिवशीच्या घावांची असण्याची शक्यता अधिक आहे आणि गाडी चालू लागली की तिचा घोंघावणारा आवाज होईल. बेअरिंगसाठी पुन्हा हाच नट सोडावा लागणार असल्याने ते आताच बदलावे. तोपर्यंत गाडी चाकावर उतरवू किंवा ढकलू नये, कारण अनेक गाड्यांत शाफ्टचा नट आवळल्यावरच बेअरिंगचे दोन भाग एकत्र धरले जातात.

नवा शाफ्ट बसवताना दात्यांवर गंजरोधक पेस्टचा पातळ हात फिरवावा. नट नवाच घ्यावा. चाक अधांतरी असतानाच दुसऱ्या कोणाला ब्रेक दाबून धरायला सांगून तो टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळावा. पुष्कळ लहान गाड्यांत हा आकडा २०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतला आकडाच पाळावा. मग नटाची कड खाचेत चेपावी, गिअरबॉक्समध्ये ठरलेल्या पातळीपर्यंत तेल भरावे, आणि थोडे अंतर चालवून सीलपाशी गळती आहे का ते पाहावे.