मदत हवी आहे: फोर्ड मॉडेल ए (१९३०), ६ व्होल्ट. मेन फ्यूज किती अँपिअरचा, आणि कुठे?

नमस्कार मंडळी. गाडी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं + टोक चॅसीला), थ्री-ब्रश डायनामो (रेग्युलेटर नाही, चार्जिंग तिसऱ्या ब्रशवर ठरतं), मूळ वायरिंगमध्ये फ्यूजच नाही. नवीन वायरिंग घालताना फ्यूज बसवायचा आहे.

हिशेब असा: हेडलाइट ३५ वॅटचे दोन, म्हणजे साधारण १२ अँपिअर. ब्रेक आणि टेल मिळून ४, इग्निशन ४-५. म्हणजे वीसच्या आसपास. वर हॉर्न दाबला की आणखी दहा-एक, म्हणून २० चा फ्यूज उडणारच. ३० चा काचेचा घ्यावा असं वाटतं, पण मग मेन वायर किमान ४ चौरस मिमी हवी. नाहीतर फ्यूजच्या आधी वायरच तापायची.

खरी अडचण जागेची. स्टार्टर स्विचवर, म्हणजे बॅटरीची मेन वायर जिथून पुढे जाते तिथे, फ्यूज लावला आणि तो इंजिन चालू असताना उडाला, तर डायनामो बॅटरीपासून तुटतो. थ्री-ब्रशला बॅटरीचाच लगाम असतो. तो सुटला की व्होल्टेज चढून बल्ब आणि डायनामोची फील्ड कॉइल (चुंबकीय क्षेत्र तयार करणारी गुंडाळी) जळतात. म्हणून चार्जिंगची वायर तशीच ठेवून डावा-उजवा हेडलाइट, टेल-ब्रेक, हॉर्न असे वेगळे फ्यूज द्यावेत का? पण मग बॅटरी ते अँमीटर (करंट दाखवणारा काटा) हा तुकडा फ्यूजशिवायच राहतो. इग्निशन फ्यूजशिवाय ठेवता का?

आणखी एक: जुने ल्युकासचे (ब्रिटिश कंपनी) ३५ अँपिअरचे फ्यूज मिळतात, पण तो आकडा उडण्याचा, सतत पेलतात १७.५ च. ते इथे नकोत ना? ब्लेड फ्यूज (नव्या गाड्यांतले चपटे) कुणी वापरलेत का? ६ व्होल्टला होल्डरमध्ये ०.३ व्होल्ट पडले तरी दिवे मंदावतात.