नांदता बॉन मठ बघायचाय: हिमाचलमधलं दोलांजी की काठमांडू?

सह्यवासी: बॉन हा तिबेटातला बौद्ध धर्माहून वेगळा धर्म. त्याच्या आणि बौद्धांच्या संघर्षावर वाचतेय. पाच दिवस आहेत, पुण्याहून माणशी वीस हजार, विमान नको. कुठे जाऊ?

उत्तरवाट: काठमांडूचा त्रितेन नोर्बुत्से मठ. विमानाने जा, पैसे जास्त लागले तरी चालतील. सवड काढून नेपाळच्याच मुस्तांगमधलं लुब्रा हे बॉन गावही बघा.

मेघदूत: विमान नको म्हणतायत त्या! कालका-शिमला रेल्वेने सोलन, पुढे टॅक्सीने दोलांजी. तिथला मठ म्हणजे मेनरी. मूळ मेनरी तिबेटात १४०५ साली न्यामे शेरब ग्यालत्सेन यांनी स्थापलं. निर्वासितांनी ते दोलांजीत नव्याने उभारलं. तिथे प्रदक्षिणा उलटी: स्तूप डाव्या हाताला ठेवायचा. प्रार्थनाचक्रही उलटंच फिरवायचं. बौद्ध मठांची सवय असेल तर इथेच चुकतं.

शिलालेख: +१ दोलांजी. स्वस्तिकही डावीकडे वळणारं, त्याला युंगद्रुंग म्हणतात. बॉनचे संस्थापक मानले जाणारे तोन्पा शेनरब यांची मूर्ती हातातल्या दंडावरच्या युंगद्रुंगांवरून ओळखा. पण डावं स्वस्तिक दिसलं की बॉनच, असं समजू नका. ते बौद्धांकडेही आढळतं.

उत्तरवाट: संघर्ष समजायचा तर तिबेटातल्या साम्ये मठातल्या वादविवादापासून सुरुवात करा. तिथेच बॉन हरले.

शिलालेख: साफ चूक, आणि ही चूक फार पसरलीय. तो वाद भारतीय आचार्य कमलशील आणि चिनी भिक्षू ह्वाशांग यांच्यातला, म्हणजे बौद्धांमधलाच. बॉनला फटका बसला तो आठव्या शतकात, तिबेटचा राजा त्रिसोंग देत्सेनने बौद्ध धर्माला राजाश्रय दिला तेव्हा. बॉन परंपरेनुसार तेव्हा लपवलेले ग्रंथ १०१७ साली शेनचेन लुगा यांना सापडले.

मेघदूत: म्हणजे बॉन बौद्धांच्या आधीचाच.

शिलालेख: इतकं सरळ नाही. चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहांत सापडलेल्या जुन्या हस्तलिखितांत 'बॉनपो' म्हणजे विधी करणारा पुरोहित. मठ, ग्रंथसंग्रह, झोगचेन ही ध्यानसाधना असलेला संघटित बॉन दिसतो तो दहाव्या-अकराव्या शतकापासून, आणि त्याने बौद्धांकडून पुष्कळ घेतलंय. राजदरबारातला पुरोहित आणि मठातला भिक्षू एकच धरले की सगळा इतिहास घोटाळतो.

मेघदूत: आणि झांगझुंग? पश्चिम तिबेटातलं ते जुनं राज्य सातव्या शतकात तिबेटने जिंकलं. बॉन आपली मुळं तिथलीच सांगतात.

शिलालेख: सांगतात, आणि त्या आठवणीला किंमत आहेच. पण राज्य जिंकणं वेगळं, धर्माशी वैर वेगळं.

सह्यवासी: आभार. हे वाचून ठरवलं, आत्ता मठ नकोच. धर्मशाळेच्या तिबेटी ग्रंथालयात बसून आधी बॉनपो आणि बॉन यांतला हा फरक नीट वाचते. पठाणकोटपर्यंत रेल्वे, पुढे बस.

उत्तरवाट: काठमांडूच बरं होतं.