मदत हवी आहे: नाट्यगृहाच्या कँटीनच्या निविदेत दूध-तूप नसलेले पदार्थ कसे बसवायचे?

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या सार्वजनिक सभागृहांच्या कँटीनसाठी निविदेच्या अटी सुचवायच्या आहेत. मेनूत रोज किमान दोन पदार्थ पूर्ण वनस्पतीजन्य असावेत, एवढीच अट. नुसतं 'शाकाहारी' लिहून भागत नाही, कारण हिरव्या ठिपक्यात दूध, तूप, लोणी सगळं बसतं. पाकीटबंद मालावर 2022च्या अन्नसुरक्षा नियमांतलं व्हेगन (म्हणजे प्राणिजन्य काहीच नसलेलं) चिन्ह बघता येतं. ताज्या पदार्थाचं काय?

मिसळ आपली तयारच आहे म्हणा. मटकी, कट, फरसाण, कांदा, लिंबू. पण घोळ सोबतच्या गोष्टींत होतो: दही आधीच वर घातलेलं असतं आणि पाव लोण्यावर भाजलेला. म्हणून 'दही वेगळ्या वाटीत, मागितल्यावरच. पाव तेलावर किंवा कोरडा' असं लिहिलंय. उपम्याला तूप नको, शेंगदाणा तेल. तवा आणि उलथणंही वेगळं हवं, नाहीतर आधीच्या डोशाचं लोणी पुढच्या डोशाला लागतंच.

खरी अडचण चहाची. सोया दूध उकळत्या, कडक चहात ओतलं की फाटतं. दूध आधी कोमट करून, थोडा निवलेला चहा त्यात हळूहळू ओतला तर बरं जमतं, पण मध्यंतराच्या 15 मिनिटांत हे कोण करणार?

न्यूयॉर्कच्या सरकारी रुग्णालयांत 2022पासून वनस्पतीजन्य जेवण आधी पुढे केलं जातं, नको असेल तर दुसरं मागता येतं. तसं शब्दांकन मराठीत कुणी केलंय का? आणि तपासणी कोणी, कशी करायची? केटरिंगवाल्यांनी जरूर सांगा.