मदत हवी आहे: खोक्यावर 1000 मिलीवॅट, राउटरमध्ये 20 डीबीएम

खानापूर तालुक्यातल्या जांभ्या दगडाच्या घरासाठी 2.4 गिगाहर्ट्झचा, दोन चेनचा (म्हणजे दोन स्वतंत्र रेडिओ मार्ग, प्रत्येकाला आपला अँटेना) राउटर घेतलाय. खोक्यावर ‘1000 मिलीवॅट हाय पॉवर’ छापलंय, म्हणजे 30 डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक). मूळ फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) आकडाच दाखवत नाही, नुसतं ‘हाय’. ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर टाकून देशाच्या सेटिंगमध्ये भारत ठेवला, तर 20 डीबीएमच्या वर जात नाही. हे झाले 100 मिलीवॅट. 5 डीबीआयचा अँटेना (म्हणजे सिग्नल एकवटून 5 डेसिबलने वाढवणारा) धरला तरी ईआयआरपी, म्हणजे अँटेनाची वाढ धरून बाहेर पडणारी ताकद, 25 डीबीएम, साधारण 316 मिलीवॅट.

चॅनेल 1, 6, 11 आणि 20 मेगाहर्ट्झ रुंदी तपासून झालीय. देश बदलायला कृपया सांगू नका. आपल्याकडे या बँडला 1 वॅट आउटपुट, 4 वॅट ईआयआरपीची मुभा आहे, आणि फोनचा परतीचा सिग्नल तसाही तोकडाच राहणार. रेंजसाठी पडवीत केबलवर दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवतोय. पण गिऱ्हाइकाला खरा आकडा कळायलाच हवा.

खोक्यावर ईटीए (वायरलेस उपकरणाला मिळणारी सरकारी मान्यता) क्रमांक आहे. ड्रायव्हरचे 20 डीबीएम एका चेनचे की दोन्हींची बेरीज? मर्यादा कॅलिब्रेशन डेटातून (कारखान्यात राउटरमध्ये साठवलेल्या रेडिओच्या मोजमापांतून) येतेय का, हे कुठे बघायचं? आणि ईटीए क्रमांकावरून चाचणी अहवालातली कंडक्टेड पॉवर (अँटेना सोडून, थेट जोडणीवर मोजलेली ताकद) ग्राहकाला कशी मिळवता येईल?