मदत हवी आहे: १४ महिने उभी असलेली गाडी चालू केली, डॅशबोर्डवर एकदम सात दिवे

नमस्कार मंडळी,

बाबांची गाडी १४ महिने जागची हललेली नाही. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, मग घरातल्या सगळ्यांचं लक्ष तिकडेच राहिलं. गाडी कव्हर घालून उभी होती, अधूनमधून चालू करून ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. आता डॉक्टरांनी त्यांना गाडीत बसायला परवानगी दिलीय आणि बाबांचा हट्ट एकच, बसेन तर माझ्याच गाडीत. त्यामुळे ही गाडी नीट आणि सुरक्षित रस्त्यावर आणणं माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे.

जर्मन बनावटीची मोठी सेडान, २०१५ चं मॉडेल, पेट्रोल, ऑटोमॅटिक, चारही चाकांना एअर सस्पेन्शन (स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवेने भरलेल्या रबरी स्प्रिंग). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक आमच्या हलगर्जीपणाची आहे.

झालं ते असं. रिमोट मेलेला, म्हणून किल्लीतलं धातूचं पातं काढून ड्रायव्हरचं दार उघडलं. बॅटरी डिकीत आहे आणि डिकीचं कुलूप विजेवर चालतं, म्हणजे बॅटरीपर्यंत पोचायलाच बॅटरी हवी! बॉनेट मात्र केबलने उघडतं आणि आत जम्प स्टार्टसाठी वेगळी टर्मिनल्स दिलेली आहेत. तिथे मल्टीमीटर लावला तर ६.८ व्होल्ट. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जम्पर केबल लावली, दहा मिनिटं थांबलो आणि स्टार्ट मारला. इंजिन दुसऱ्या प्रयत्नात लागलं. थोडं थरथरलं, मग स्थिर झालं.

आणि मग दिवे. चेक इंजिन (स्थिर, लुकलुकत नाही), एबीएस (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा), ईएसपी (गाडी घसरू न देणारी), स्टीअरिंग, एअरबॅग, टायरची हवा आणि सस्पेन्शन. एकामागून एक सूचना स्क्रीनवर येत होत्या, प्रत्येक वेळी 'टिंग'. गाडी पुढून उजवीकडे इतकी खाली बसली होती की टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटंही जात नव्हती.

इंजिन चालू असताना व्होल्टेज १४.२ आलं, म्हणजे अल्टरनेटर ठीक असावा. २० मिनिटं चालू ठेवून बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ११.६ आणि स्टार्टरची नुसती कटकट.

एका मेकॅनिकला बोलावलं. त्यांनी स्कॅनर लावला, म्हणाले २३ कोड (गाडीने नोंदवलेल्या बिघाडांचे क्रमांक) आहेत, आणि मी काही विचारायच्या आत सगळे पुसून टाकले. पुन्हा स्टार्ट केल्यावर सातही दिवे परत. त्यांचं निदान: एबीएस मॉड्यूल (म्हणजे एबीएसचा कंट्रोलर) गेलंय, बदलावं लागेल. मला ते पटत नाही. उभ्या गाडीतल्या सात वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी कशा बिघडतील? यातले खरे बिघाड कोणते आणि नुसता आरडाओरडा कोणता, हे ओळखायचं कसं? आणि कुठल्या क्रमाने जाऊ?

प्रतिसाद १

मॉड्यूल अजिबात घेऊ नका. तुमची शंका बरोबर आहे.

या गाड्यांत प्रत्येक कामाला वेगळा कंट्रोलर असतो आणि ते सतत एकमेकांशी बोलत असतात. मरतुकड्या बॅटरीवर स्टार्टर फिरला की व्होल्टेज क्षणभर आठ-नऊपर्यंत कोसळतं, काही कंट्रोलर तेवढ्यापुरते झोपतात आणि बाकीचे तक्रार नोंदवतात की अमका उत्तर देत नाही. तुमच्या २३ पैकी बरेच कोड 'यू' ने सुरू होणारे, म्हणजे संपर्क तुटल्याचे असणार. ते कुणी वाचायच्या आधीच पुसले याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण पहिली यादी हाच सगळ्यात मोलाचा पुरावा असतो. यापुढे कोणीही स्कॅनर लावला तर आधी मोबाइलवर फोटो, मगच पुसणं.

बॅटरी का मेली त्याचा हिशेब सोपा आहे. बंद, लॉक केलेली गाडीही अलार्म आणि रिमोट रिसीव्हरसाठी साधारण ३० मिलीअँपिअर ओढते. दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आसपास. ९० अँपिअर-तासांची बॅटरी चार महिन्यांत कोरडी. उरलेले दहा महिने ती रिकामी पडून राहिली आणि प्लेट्सवर सल्फेट घट्ट बसलं. ६.८ पर्यंत गेलेली बॅटरी चार्ज होऊन वर येईलही, पण भरवशाची राहत नाही. अल्टरनेटरवर ती भरायचा प्रयत्न तर करूच नका, तो त्या कामासाठी नसतो, उगाच तापतो.

माझं स्पष्ट मत, नवीन बॅटरी घ्या. आधीची एजीएम (अ‍ॅसिड काचतंतूंच्या थरात शोषून ठेवणारी बॅटरी) असेल तर एजीएमच. बदलल्यावर ती गाडीत रजिस्टर करून घ्या, म्हणजे स्कॅनरने गाडीला नवी बॅटरी कळवा, नाहीतर गाडी जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशेबाने चार्जिंग करत राहते. पूर्ण भरलेली एजीएम काही तास विसावल्यावर १२.७ ते १२.८ दाखवते. हा आकडा दिसेपर्यंत एकाही दिव्यावर विश्वास ठेवू नका.

मग स्टीअरिंग. इंजिन चालू ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि मध्ये आणा. वीज गेली की स्टीअरिंग किती वळलंय ते मोजणारा अँगल सेन्सर आपलं शून्य विसरतो, बऱ्याच गाड्यांत एवढ्याने तो दिवा जातो. टायरमध्ये दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे थंड असताना हवा भरा. तो दिवा थोडं चालवल्यावरच विझतो.

एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मात्र मल्टीमीटर लावू नका. मीटरच्या टोकातून जाणारा करंटही तिथे धोक्याचा असतो. बॅटरीनंतर कोड पुसूनही तो दिवा आला, तर ते काम जाणकाराचंच.

आणि गाडी बसलेली असताना खाली हात घालू नका. एअर सस्पेन्शन कधीही आणखी बसू शकतं.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. एक भर: उंदीर बघितलेत का? एअर फिल्टरचा डबा उघडा, इंजिनवरचं प्लास्टिक काढा, चाकांच्या वरचे लायनर तपासा. आमच्या उभ्या गाडीत घरटंच निघालं होतं. आणि ब्रेक ऑइल किती जुनं आहे? ते हवेतली ओल शोषतं, साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी चालो न चालो.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितोय, कारण एकेक गोष्ट करून बघितली.

नवीन एजीएम बसवली, रजिस्टर केली. रात्रभर ठेवून सकाळी मोजलं, १२.७. यावेळी मेकॅनिक बदलला. यांनी आधी सगळे कंट्रोलर वाचले, मी फोटो काढले, मग पुसलं. चेक इंजिन आणि एअरबॅग गेले ते गेलेच, त्यांच्या नोंदी फक्त कमी व्होल्टेजच्या होत्या. स्टीअरिंग फिरवल्यावर तिसरा दिवा गेला. हवा भरून आवारात फेऱ्या मारल्यावर चौथा.

एबीएस आणि ईएसपी मात्र हटेनात. दोघांच्या मुळाशी एकच नोंद होती: मागच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर, सिग्नल नाही. चाक काढून लायनर बाजूला केला आणि प्रतिसाद २ ची आठवण झाली. सेन्सरला दोन वायरी येतात. एकीचं वरचं रबर सोलल्यासारखं कुरतडलेलं, दुसरी अर्धा इंच गायबच, आणि उरलेल्या टोकाची तांब्याची तार हिरवी पडलेली. लायनरच्या खाचेत काळ्या लेंड्या आणि कागदाचा चोथा. नवा सेन्सर वायरसकट बसवला, दोन्ही दिवे एकदम गेले. मॉड्यूल धडधाकट आहे! तुम्ही अडवलं नसतं तर मी ते बदलून बसलो असतो आणि दिवे तसेच राहिले असते.

ब्रेक ऑइलचं उत्तर बाबांच्या वहीत सापडलं. ते प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवतात. शेवटचं बदलून तीन वर्षं झाली होती. बदललं. डिस्कवर गंज होता, तो मोकळ्या जागेत हळू ब्रेक मारत घासून गेला.

राहिला सातवा, सस्पेन्शन. रात्री चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजतो, पुन्हा सकाळी. तीन चाकं जागच्या जागी. पुढचं उजवं एका रात्रीत चार सेंटीमीटर खाली. साबणाचं पाणी फवारलं तर एअर स्प्रिंगच्या खालच्या घडीवर, जिथे रबर दुमडतं तिथे, बारीक फेस धरतो. स्टार्ट केल्यावर स्प्रिंगमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर बराच वेळ घुरघुरतो, मग गाडी उचलली जाते.

म्हणजे सातांपैकी चार दिवे बॅटरीचे आणि दुर्लक्षाचे, दोन उंदराचे आणि एक खरोखरच्या झिजेचा. आता प्रश्न एवढाच: डावीकडचं रबरही तितकंच जुनं आहे, तर पुढच्या दोन्ही स्प्रिंग एकत्र बदलू का? आणि इतके दिवस जास्तीचं काम केलेल्या कॉम्प्रेसरचा रिलेही (त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) सोबत बदलावा का?

प्रतिसाद १

दोन्ही बदला. एका वयाचं रबर एकाच सुमाराला फुटतं आणि उघडझाक दोनदा करण्यात अर्थ नाही. रिले तर नक्कीच बदला. छोटीशी वस्तू असते, पण तिचे कॉन्टॅक्ट चिकटले तर कॉम्प्रेसर बंदच होत नाही आणि तापून जळतो. स्प्रिंग बसल्यावर कॉम्प्रेसर गाडी किती वेळात उचलतो ते घड्याळ लावून बघा. तेव्हाही बराच वेळ लागला तर मग कॉम्प्रेसर थकलाय असं समजा, त्याआधी नाही.

तोपर्यंत बाबांना त्या गाडीतून नेऊ नका. हवं तर उभ्या गाडीत बसवा.

धागाकर्ता

काल तेच केलं. पुढचं सीट पूर्ण मागे सरकवून बसवलं, वही मांडीवर. त्यांनी बॅटरीची तारीख लिहिली, खाली सेन्सरची, खाली ब्रेक ऑइलची, आणि सस्पेन्शनसाठी एक ओळ कोरी सोडली. स्प्रिंग आल्या की कॉम्प्रेसरचा वेळ मोजून इथे लिहितो.