८० च्या पुढच्यांना कॅज्युअल्टीत नेताना काय सांभाळायचं?

कोथरूडची_सून:
सासूबाई ८४ वर्षांच्या, मागच्या आठवड्यात बाथरूममध्ये पडल्या. रात्री साडेदहाला कॅज्युअल्टीत नेलं, एक्सरेत काही नाही, पण बेड नव्हता म्हणून पहाटेपर्यंत त्या अरुंद स्ट्रेचरवरच, आणि गडबडीत चष्मा नि कानाचं मशीन घरीच राहिलेलं. दोनच्या सुमारास एकदम बदलल्याच, मला ओळखेनात, सलाईनची सुई ओढायला लागल्या, "कल्याण आलं, उतरू दे मला" असं सुरू. तिथे एकजण म्हणाले वय झालंय, डिमेन्शिया असेल. अहो त्याच सकाळी त्यांनी दूधवाल्याची २६ रुपयांची चूक पकडलीये! आता बऱ्यापैकी ताळ्यावर आहेत. हे काय होतं? आणि म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी कॅज्युअल्टी असते का कुठे?

रात्रपाळी:
मी इंग्लंडमध्ये नर्स आहे. लांबून निदान करत नाही, पण काही तासांत असा बदल झाला तर आधी डिलिरियमचा, म्हणजे आजारपणात अचानक येणाऱ्या गोंधळलेपणाचा विचार करतात, डिमेन्शिया असा एका रात्रीत येत नाही. कारण शोधायचं असतं, इन्फेक्शन, सोडियम, नवीन गोळी, तुंबलेली लघवी, दुखणं, काहीही. आणि बडबडणारा पेशंट निदान लक्षात तरी येतो, गप्प पडून राहणारा नजरेतून सुटतो.
वेगळी सोय असते. इकडे नॉर्विचला २०१७ साली ८० वर्षांपुढच्यांसाठी स्वतंत्र इमर्जन्सी विभाग सुरू झाला. अमेरिकेत २०१८ पासून अशा विभागांना गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ असा दर्जा देतात. म्हणजे मशिनं वेगळी नसतात हो, जाड गादी, मंद दिवे, मोठ्ठं घड्याळ, उगाच कॅथेटर (लघवीची नळी) नाही, आणि पहिला प्रश्न "दोन आठवड्यांपूर्वी या काय काय स्वतः करत होत्या?" तुमचा दूधवाला तिथेच सांगायचा होता!

डोंबिवली_फास्ट_नाही:
आपल्याकडे सरकारी वृद्ध आरोग्य कार्यक्रम २०१० पासून आहे, जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा वॉर्ड वगैरे, पण तो वॉर्ड झाला, रात्री दोनला गाठ पडते ती कॅज्युअल्टीशीच. आमच्या बाबांच्या वेळी पोळल्यावर मी एक पिशवी दाराला अडकवून ठेवलीये, सगळ्या गोळ्या पाकिटासकट, चष्म्याची जुनी जोडी, मशीनचे सेल, कवळीची डबी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते आत शिरतानाच ओरडून सांगा, डोक्याला मार असेल तर माणूस चांगला बोलत असला तरी सीटी लागू शकतो. आणि जवळ ओळखीचं माणूस बसू द्या, त्यासाठी भांडावं लागलं तरी भांडा.

कोथरूडची_सून:
रिपोर्ट आत्ता काढून बघितले, सोडियम १२२, खूपच कमी!! आणि महिन्यापूर्वी बीपीची गोळी बदललेली, त्यात लघवीचं औषध पण आहे म्हणे.

रात्रपाळी:
मग पाकीट आणि रिपोर्ट घेऊन आजच डॉक्टरांकडे जा, सोडियम परत तपासून घ्या. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

कोथरूडची_सून:
निघालोय. त्या मशीन लावून तयार बसल्यात, रिक्षावाल्याला सुट्टे मीच देणार म्हणतायत.